नागपूरहून आमेदला: आगुंग पर्वताच्या पायथ्याचे किनारी गाव पाहताना कामांचा क्रम कसा लावावा

बाली बेटाच्या पूर्व टोकाला, कारांगासेम जिल्ह्यात, आमेद नावाचे किनारी गाव आहे. खरे तर ते एक गाव नसून आमेद, जेमेलुक, बुनुतान, लिपाह, बान्युनिंग अशा लहान वस्त्यांची डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली माळ आहे. तिच्या पश्चिमेला, शिखरापर्यंत सरळ रेषेत मोजले तर सुमारे १६ किलोमीटरवर, ३,०३१ मीटर उंचीचा आगुंग हा जिवंत ज्वालामुखी उभा आहे. नागपूरहून बालीला जाणारी मंडळी अलीकडे दक्षिणेच्या गर्दीऐवजी इकडे वळू लागली आहेत. मात्र त्यांचे नियोजन बहुधा एकाच जागी फसते. ते पहिल्या दिवसापासून पुढे आखले जाते आणि शेवटचे दोन दिवस उरेल त्यात कोंबले जातात. ज्वालामुखी आणि समुद्र दोन्ही एकत्र असलेल्या ठिकाणी परतीच्या विमानापासून मागे मोजावे लागते. पुढील टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

टप्पा १ : तारीख ठरवण्यापूर्वी

बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर गेलेला असताना आमेदचा समुद्र स्वच्छ असतो, त्यामुळे शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या या प्रवासाला सोयीच्या पडतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असल्यास पाऊस सुरू होण्याची शक्यता धरूनच जावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत लाटा मोठ्या असतात, ओढ्यांतून गाळ समुद्रात येतो आणि पाण्याखालचे काही दिसत नाही. केवळ पाण्याखालचे जग पाहण्यासाठी या महिन्यांत खर्च करणे मला पटत नाही.

एक तारीख मात्र काळजीपूर्वक टाळावी. बालीचे नववर्ष, म्हणजे न्येपी, शक कालगणनेनुसारच येते आणि म्हणून ते अनेकदा गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने पडते, तर काही वर्षी सुमारे महिनाभर आधी. २०२६ साली दोन्ही १९ मार्चलाच आले. आपल्याकडे त्या दिवशी गुढी उभारून श्रीखंड खाल्ले जाते. तिकडे चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे मंद आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकण्याची मनाई असते. पाडव्याची सुट्टी जोडून तिकीट काढणाऱ्यांनी आधी ती तारीख पाहावी.

*तपासणी :* ठरवलेल्या प्रवासात आमेदला किमान चार रात्री मिळतात का? दोन रात्रींसाठी विमानतळापासून तीन तासांचा रस्ता जाऊन येण्यात अर्थ नाही.

टप्पा २ : ज्वालामुखीची पातळी वाचायला शिकणे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि बातमी आली की घाबरून एकमेकांना फोन करतात. इंडोनेशियाची ज्वालामुखी निरीक्षण यंत्रणा प्रत्येक पर्वतासाठी चार पातळ्या जाहीर करते: पहिली नॉर्माल, दुसरी वास्पादा, तिसरी सियागा आणि चौथी आवास. आपल्याकडे आवास म्हणजे राहते घर. तिथे आवास जाहीर झाले की धोक्याच्या पट्ट्यातल्या माणसांनी घर सोडायचे असते, एवढे लक्षात ठेवले की हा शब्द विसरला जात नाही. या पातळ्या ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर पाहता येतात.

पातळीसोबत आणखी एक आकडा दिलेला असतो, तो म्हणजे विवरापासून किती किलोमीटरच्या आत जाऊ नये. प्रवाशाने खरे पाहायचे ते हेच अंतर. सप्टेंबर २०१७ मध्ये आगुंगसाठी चौथी पातळी जाहीर झाली, लाखाहून अधिक लोक हलवले गेले, आणि उद्रेक झाला तो नोव्हेंबरमध्ये. त्या काळात बंदीचे अंतर काही दिशांना १२ किलोमीटरपर्यंत गेले होते. आमेदच्या शेजारचे तुलांबेन हे गाव विवरापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे, तर आमेद त्याच्या बाहेर राहते. म्हणजे एकाच बातमीचा अर्थ शेजारच्या दोन गावांसाठी वेगळा होतो, आणि हॉटेल कोणत्या वस्तीत आहे हे नकाशावर मोजून ठेवल्याशिवाय तो कळत नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते. लोक फक्त आगुंगकडे पाहतात. विमाने थांबतात ती हवेतल्या राखेमुळे, आणि राख कोणत्याही पर्वताची असू शकते. २०१५ साली जावा बेटावरील राउंग आणि लोंबोक बेटावरील रिंजानी यांच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पाडला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये, कित्येक शे किलोमीटर पूर्वेला फ्लोरेस बेटावर असलेल्या लेवोतोबी लाकी-लाकीच्या उद्रेकांमुळे बालीची उड्डाणे रद्द झाली. जूनमध्ये तर दिल्लीहून निघालेले एक विमान अर्ध्या वाटेतून परत फिरले. आगुंग शांत आहे म्हणून परतीचे विमान वेळेवर सुटेल, असे गृहीत धरू नये.

*सावधान :* नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कोर्टाची तारीख, परीक्षा किंवा घरचे लग्न असू नये. मध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत.

टप्पा ३ : तिकिटे आणि विमा, आणि तेही याच क्रमाने

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून बालीला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरु येथे विमान बदलावे लागते. स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण नागपूर ते मुंबई एक तिकीट आणि मुंबई ते देनपासार (बालीची राजधानी) दुसरे, अशी स्वतंत्र तिकिटे काढतात. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे सुटले, तर स्वतंत्र तिकिटांवर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून सर्व टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत. ते शक्य नसेल तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवावेत, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असल्यास धुक्यासाठी आदल्या दिवशीच पोहोचावे. स्वतंत्र तिकिटांवर सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी हेही पाहावे की सामान उचलून पुन्हा जमा करण्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि भारतीयांना त्याचा व्हिसा लागतो. धंतोलीतल्या आमच्या एका परिचित कुटुंबाला हे कळले ते नागपुरातून निघायच्या आदल्या रात्री.

तिकीट काढले त्याच दिवशी प्रवास विमा घ्यावा. एखादा पर्वत जागा झाल्याची बातमी आल्यानंतर घेतलेल्या विम्यात तो उद्रेक ‘आधीच ठाऊक असलेली घटना’ ठरतो आणि त्यातून उद्भवलेल्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीत तीन गोष्टी शोधाव्यात: नैसर्गिक आपत्तीमुळे प्रवास रद्द झाल्यास किंवा लांबल्यास भरपाई आहे का, स्कूबा डायव्हिंग धरले आहे का आणि किती खोलीपर्यंत, आणि भाड्याच्या दुचाकीवर अपघात झाल्यास उपचारखर्च मिळतो का. पहिल्या पानावरची मोठी रक्कम पाहून समाधान मानणाऱ्यांनी शेवटच्या पानावरचे अपवाद वाचावेत, कारण स्कूबा आणि दुचाकी बहुधा तिथेच दडलेल्या असतात.

टप्पा ४ : कागदपत्रे

प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो आणि परतीचे तिकीट जवळ असावे लागते. भारतीयांना आगमनावर व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया असून तो तीस दिवसांसाठी असतो आणि तो निघण्यापूर्वी ऑनलाइनही काढता येतो. लहान मुलांनाही तो लागतो. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा १,५०,००० रुपियांचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो. व्हिसा देशाचा आणि कर बेटाचा, त्यामुळे एक भरला म्हणून दुसरा सुटत नाही. याखेरीज आगमनाचा आणि सीमाशुल्काचा एक विनाशुल्क ऑनलाइन अर्ज पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचा असतो.

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, कारण शोधयंत्रात पहिल्या क्रमांकावर दिसणारे संकेतस्थळ सरकारीच असते असे नाही. मी स्वतः पहिल्या वेळी अशाच एका सरकारी थाटाच्या पानावर व्हिसाच्या जवळपास दुप्पट रक्कम भरली होती. व्हिसा मिळाला, परंतु वरचे पैसे मध्यस्थाच्या खिशात गेले. इंडोनेशियाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो. तो तसा नसेल तर कार्डाचा क्रमांक टाकू नये. विनाशुल्क अर्जासाठी कोणी पैसे मागत असेल, तर तेवढ्यावरूनच ते पान खोटे आहे हे ओळखावे. बालीच्या पर्यटन कराचे ‘लव्ह बाली’ हे अधिकृत व्यासपीठही याच कसोटीवर तपासून घ्यावे.

व्हिसाचे तीस दिवस मोजताना पोहोचल्याचा दिवस पहिला धरावा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दररोज १०,००,००० रुपिया दंड आहे.

*तपासणी :* पासपोर्ट, व्हिसा, कराची पावती, विमा आणि तिकीट यांच्या छापील प्रती एका पिशवीत ठेवाव्यात आणि एक संच घरी कोणाकडे तरी द्यावा. देनपासार येथे भारताचे वाणिज्य दूतावास आहे. त्याचा क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावा.

टप्पा ५ : पैसे आणि सामान

नागपुरात रुपिया सहजी मिळत नाही, म्हणून स्वच्छ, दुमड न पडलेल्या डॉलरच्या नोटा आणि एक-दोन कार्डे न्यावीत. कार्डाचा परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. तो न करता निघालेला माणूस मी दरवेळी पाहतो. नोटेवरच्या शून्यांची सवय व्हायला दोन दिवस लागतात. एक लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी आणि दहा हजारांची जांभळट असते, आणि अंधाऱ्या गाडीत लाल आणि जांभळी यांत गल्लत होते. लाखाची नोट आपल्या साधारण साडेपाचशे रुपयांच्या आसपासची असते. मेन्यूवर नुसते ४५ लिहिले असेल, तर ते ४५ हजार समजावे. तिथल्या अनेक एटीएममधून नोटा आधी बाहेर येतात आणि कार्ड मागाहून, त्यामुळे नोटा मोजत मोजत कार्ड तिथेच विसरण्याची चूक फार होते. आमेदमध्ये एटीएम थोडी आहेत, म्हणून विमानतळावर किंवा वाटेत आम्लापुरा येथे पैसे काढून घ्यावेत. यूपीआयच्या भरवशावर राहू नये.

सामानात पुढील वस्तू हव्यात: जाड तळाचे पाण्यात चालणारे बूट, एन-९५ मुखपट्ट्या, विजेरी, चष्मा (लेन्स वापरणाऱ्यांनीही, कारण राख डोळ्यांत गेली की लेन्समुळे बुबुळावर ओरखडे पडतात), आणि रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोडीनसारखे घटक असलेली खोकल्याची औषधे नेऊ नयेत. अमली पदार्थांविषयीचा तिथला कायदा अत्यंत कडक आहे आणि भांगेचा अंशही त्यात येतो. नातेवाइकांसाठी संत्री नेण्याचा आपला नेम इथे मोडावा, कारण ताज्या फळांना विलगीकरणाचे नियम लागतात. संत्रा बर्फी बंद डब्यात न्यावी. खर्रा घरीच ठेवावा. सीमाशुल्काच्या टेबलावर त्या पुडीत नेमके काय आहे, हे इंग्रजीत समजावून सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

टप्पा ६ : विमानतळ ते आमेद

बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. विमानतळापासून आमेदपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता असून त्याला अडीच ते तीन तास लागतात. शेवटचा भाग आम्लापुरा, तीर्तागांगा आणि चुलिक असा आहे. चुलिकला उजवीकडे वळले की आमेद, सरळ गेले की तुलांबेन. प्रवाशांच्या उपयोगाची सार्वजनिक बस या मार्गावर धरून चालू नये. ॲपवरच्या टॅक्सीने येणे जमले तरी परतीला ती आमेदमध्ये मिळेलच असे नाही. त्यामुळे हॉटेलमार्फत जाण्यायेण्याची गाडी ठरवावी आणि भाडे लेखी संदेशात घ्यावे.

रात्री उशिरा उतरत असल्यास त्याच रात्री आमेदचा घाट चढू नये. पहिली रात्र विमानतळाजवळ काढावी आणि सकाळी निघून वाटेत तीर्तागांगाचे जलउद्यान पाहून घ्यावे. ते वाटेवरच आहे आणि त्यासाठी वेगळा दिवस खर्च करण्याची गरज नाही.

*सावधान :* चुलिक-तुलांबेन रस्ता अनेक कोरड्या ओढ्यांवरून जातो. पर्वतावर साठलेली राख जोराच्या पावसात याच ओढ्यांतून चिखलाच्या लोंढ्यासारखी खाली येते. वर ढग दाटले असताना ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नये.

टप्पा ७ : पहिला दिवस, काहीही न करता पाहून घेण्याचा

पोहोचल्यावर पहिल्यांदा, त्सुनामीची शक्यता धरून, हॉटेलमागचा उंच भाग आणि तिकडे जाणारी वाट पाहून ठेवावी. रस्त्यावर ‘जालुर एवाकुआसी’ असे फलक दिसतात. ती बाहेर पडण्याची वाट. जमीन दीर्घकाळ किंवा जोरात हादरली, तर भोंग्याची किंवा संदेशाची वाट न पाहता त्या वाटेने वर जावे. आमेदमध्ये टेकड्या किनाऱ्याला खेटूनच असल्यामुळे हे काम काही मिनिटांचे आहे. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

त्यानंतर दुपार मावळेपर्यंत किनाऱ्यावर अनवाणी जाऊ नये. इथला किनारा काळ्या वाळूचा आणि गोट्यांचा आहे. आपल्याला काळा दगड नवा नाही, बर्डीची टेकडीसुद्धा लाव्ह्याचीच आहे. पण ती थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. आमेदची काळी वाळू दुपारच्या उन्हात तव्यासारखी तापते आणि मुलांचे तळपाय पहिल्याच दिवशी पोळतात.

खाण्याविषयी एक सूचना शाकाहारींसाठी. तोफू आणि तेंपे सगळीकडे मिळतात, मात्र तिखट चटणीत, म्हणजे संबलात, बहुधा ‘तेरासी’ असते आणि ती आंबवलेल्या कोळंबीची असते. म्हणून नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नये. ‘तिदाक पाकाई तेरासी’ (तेरासी घालू नका) असे सांगावे. आयाम म्हणजे कोंबडी, इकान म्हणजे मासे, बाबी म्हणजे डुक्कर, सापी म्हणजे गाय आणि तेलुर म्हणजे अंडे, एवढे शब्द पुरतात. नळाचे पाणी पिऊ नये.

बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावले अथवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. ‘पाहू उद्या’ असे म्हणू नये.

टप्पा ८ : पर्वत आधी, समुद्र नंतर

या लेखाचे मूळ कारण हा टप्पा आहे. स्कूबा डायव्हिंगमध्ये दाबाखालची हवा श्वासात घेतल्याने नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडण्याआधी माणूस उंचावर गेला, मग ते विमानाने असो वा पायी, तर त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जासंस्थेत अडकू शकतात. म्हणून एकाहून अधिक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असे मार्गदर्शन आहे आणि २४ तास ठेवणे अधिक सुरक्षित. हाच नियम तीन हजार मीटरच्या पर्वतालाही लागू होतो, हे मात्र लोक विसरतात. सकाळी तुलांबेनला दोन डाइव्ह आणि त्याच मध्यरात्री आगुंगची चढाई, असा बेत मी एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. कागदावर तो फार आटोपशीर दिसतो.

मी स्वतः वेगळ्या तऱ्हेने चुकलो होतो. दुपारी तीनची डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान असा माझा हिशेब होता. डाइव्हचा मार्गदर्शक हवेची टाकी जॅकेटला बांधत होता. बोलता बोलता त्याने परतीची वेळ विचारली, बोटांवर तास मोजले, आणि काही न बोलता पट्टा सोडून टाकी परत रांगेत ठेवून दिली. भरलेले पैसे त्याने परत केले नाहीत आणि ते योग्यच होते.

योग्य क्रम असा आहे. दुसरा दिवस पर्वताचा किंवा मंदिरांचा. तिसरा आणि चौथा समुद्राचा. पाचवा पूर्ण कोरडा, म्हणजे डाइव्ह न करण्याचा. सहाव्या दिवशी विमान.

*पर्वताच्या दिवशी.* आगुंगवर स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये. पासार आगुंग मंदिराकडून जाणारी वाट तुलनेने लहान आहे, तर बेसाकीहकडून जाणारी बरीच लांब आणि दमवणारी आहे. दोन्हींवर मध्यरात्रीच्या सुमारास निघावे लागते, कारण सकाळी उशिरा शिखर ढगांत जाते. मोठ्या धार्मिक उत्सवांच्या काळात चढाई बंद असते आणि ती पर्वताच्या पातळीनुसारही बंद होते. निघण्याच्या दिवशी दुपारी पातळी स्वतः पाहावी, वाटाड्याच्या शब्दावर राहू नये. त्याचे पोट त्या चढाईवर असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि अंबाझरीभोवती रोज फेऱ्या मारण्याचा सराव या चढाईला पुरत नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि प्रथमच जाणाऱ्यांनी जेमेलुकच्या खाडीवरील वळणावरून पहाटे पर्वत पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साडेसहाच्या उन्हात तिथून संपूर्ण शंकू दिसतो. नऊ-दहापर्यंत ढग येऊन बसतात.

*मंदिराच्या दिवशी.* पुरा लेंपुयांग या मंदिराच्या प्रवेशद्वारातून आगुंगचे जे छायाचित्र सर्वत्र फिरते, त्यातले पाणी तिथे नाही. फोनखाली आरसा धरून ते प्रतिबिंब तयार केले जाते आणि त्या एका छायाचित्रासाठी काही तासांची रांग लागते. हे ठाऊक असून जायचे असेल तर पहाटेच निघावे. सर्व मंदिरांत कमरेला वस्त्र आणि त्यावर पट्टा आवश्यक असतो. पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी आत येऊ नये असे फलक तिथे लावलेले असतात.

टप्पा ९ : समुद्राचे दोन दिवस

फुटाळा चौपाटीवर फिरून किंवा तरणतलावात पोहून समुद्राचा अंदाज येत नाही, कारण तलावाच्या पाण्याला ओढ नसते. पहिल्यांदा जेमेलुकच्या खाडीतच उतरावे. सकाळी सात ते दहा या वेळेत पाणी शांत असते. नाकावर मुखवटा धरून, नळीतून श्वास घेण्याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटे करावा आणि मगच पाय सोडावेत. पोहता येत असले तरी तरंगजॅकेट घालावे. किनाऱ्यावरचे एखादे झाड किंवा छत खूण म्हणून ठरवावे आणि दर काही मिनिटांनी डोके वर काढून ते पाहावे. खूण सरकली असेल, तर आपण वाहत आहोत. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे. प्रवाळावर उभे राहू नये. त्याने प्रवाळ मरते आणि पायही कापतो.

पहाटे मासेमारीला गेलेल्या जुकुंग, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या अरुंद होड्या, सकाळी याच पाण्यातून किनाऱ्याला लागतात. त्यांचा वेग बराच असतो आणि पाण्यात पडून तरंगणारा माणूस त्यांना दिसत नाही. चमकदार रंगाचा शर्ट घालावा.

बान्युनिंगजवळचे छोटे जपानी जहाज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उथळ पाण्यात आहे आणि ते तरंगत पाहता येते. तुलांबेनचे ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज मात्र वेगळ्या तयारीने पाहायचे आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झाले, किनाऱ्यावर आणून ठेवले गेले आणि १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकाने पाण्यात ढकलले गेले. त्याचा वरचा भाग सुमारे पाच मीटरवर आणि तळ तीसएक मीटरवर आहे. प्रशिक्षण नसलेल्यांनी प्रशिक्षकासोबतच्या, ओळख करून देणाऱ्या पहिल्या डाइव्हमध्ये १२ मीटरच्या खाली जायचे नसते आणि प्राथमिक प्रमाणपत्रावर मर्यादा १८ मीटरची असते. ‘थोडे खाली जाऊ’ या आग्रहाला नकार द्यावा. दमा किंवा हृदयविकार असेल तर आरोग्याच्या अर्जात तो लपवू नये. दक्षिण बालीतून येणाऱ्या गाड्या नऊच्या सुमारास पोहोचू लागतात, म्हणून साडेसहा-सातला पाण्यात असावे.

तिथे खरी दुखापत जहाजात होत नाही, किनाऱ्यावर होते. नारळाएवढे गुळगुळीत गोटे, पाठीवर जड टाकी आणि गुडघ्यापर्यंतची लाट यांत माणूस आडवा होतो. पायपंख कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच घालावेत आणि दोन लाटांच्या मधल्या अवकाशात पुढे जावे.

टप्पा १० : कोरडा दिवस

हा दिवस वाया जातो असे वाटून लोक तो कापतात. त्या दिवशी आमेदचे मीठ पाहावे. कोरड्या महिन्यांत समुद्राचे पाणी मातीतून गाळून, नारळाचे खोड मध्यावर पोखरून केलेल्या लांब पन्हळींत वाळत घातले जाते; दुपारी पन्हळीच्या कडेला आधी पांढरी रेघ उमटते, मग साय धरावी तसा पापुद्रा येतो.

दुचाकी भाड्याने घ्यायची असेल तर दुचाकीचा परवाना आणि आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा, शिरस्त्राण घालावे, आणि बर्डी ते वर्धा रोड रोज गाडी चालवण्याच्या अनुभवाचा इथे विचार करू नये. आमेदचा रस्ता अरुंद, तीव्र चढउतारांचा आणि आंधळ्या वळणांचा आहे. कोरड्या दिवशी उंच डोंगराळ भागात जाऊ नये. विमानतळाकडे जाणारा चालक उंचावरच्या किंतामानीमार्गे फिरवून नेतो म्हणाला, तरी किनाऱ्याचाच रस्ता घ्यावा.

आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: विमानाची स्थिती, राखेची बातमी आणि गाडीची वेळ. विमान रद्द झाल्यास आधी विमान कंपनीचा लेखी संदेश जपून ठेवावा, मग विमा कंपनीला कळवावे, मग खोलीची मुदत वाढवावी. विमानतळावर जाऊन बसण्याने काही साधत नाही. आमेदची खोली तिथल्या बाकापेक्षा चांगली. व्हिसाची तारीख संपत येत असेल, तर त्याच दिवशी आप्रवासन कार्यालयात विचारणा करावी.

वाळू, प्रवाळ आणि शंख यांपैकी काहीही पिशवीत घालू नये. मीठ न्यावे. ते दोन पिशव्यांत घट्ट बांधून मोठ्या सामानात ठेवावे आणि घरी आल्यावर काचेच्या बरणीत भरावे, कारण जुलैत नागपूरच्या दमट हवेत ते आठवड्याभरात ओलसर होते.